सतरा एक

सतरा वेळा एक लिहून जी संख्या होते तिला दोनने पूर्ण भाग जातो, असं मी एकदा भर ऑफिसात, उभी राहून, मोठ्या आवाजात जाहीर केलं होतं. वय पस्तीस, पदरात दोन मुलं, शाळेत गणितात बरे मार्क, आणि हिचं डोकं जागेवर आहे असा घरच्यांचा समज. एकने संपणाऱ्या संख्येला दोनने भाग जात नाही, हे दुसरीतलं पोर सांगेल. मलाही माहीत होतं. पण मला ते कॉम्प्युटरने सांगितलं होतं ना! आणि कॉम्प्युटर शिकल्यापासून आधीचं जे जे माहीत होतं त्याची मला जरा लाजच वाटायला लागली होती.

सदाशिव पेठेतल्या एका तळघरात आमचं ऑफिस होतं. शाळेची गाइडं छापायची. देशाची दारं उघडली, दारं उघडली, असं पेपरात रोज येत होतं त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्याकडे त्या दारातून एक कॉम्प्युटर आला आणि खिळे जुळवणारे दोन जुळारी बाहेर गेले. त्यांच्या जागी मी. तीन महिन्यांचा कोर्स केलेला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलेलं, केस मानेपर्यंत कापलेले. लूनावरून यायचे ती अशी, की जणू देशाची प्रगती माझ्याच मागच्या सीटवर बसलीय. कॉम्प्युटरसाठी मालकांनी काचेची खोली केली होती, तिला एसी होता, खाली गालिचा. आत येताना चपला बाहेर काढायच्या. ही काही गंमत नाही, त्या काळी सगळीकडे तसंच होतं. मशीनला धूळ बाधते म्हणायचे. माणसं वर्षानुवर्षं त्याच तळघरात खोकत होती, त्याचं काही नाही.

चपला न काढणारा एकच माणूस होता. आमचे मुद्रितशोधक. आम्ही त्यांना काका म्हणायचो. साठीच्या पुढचे, उंच, मानेत किंचित वाकलेले, कानावर लाल पेन. ते सगळ्या बायकांना ‘बाई’ म्हणायचे आणि सगळ्या पुरुषांना ‘साहेब’, मालक सोडून. मालकांना नुसतं ‘अहो’. काचेच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायचे आणि तिथूनच प्रूफ आत सरकवायचे.

“काका, या की आत, गार आहे,” मी म्हणायचे.

“देवळात बसायला मी अजून रिटायर झालो नाही.”

प्रूफ तपासणारे पुष्कळ असतात. ते अक्षरं बघतात. काका गणिताच्या गाइडातलं एकूण एक उदाहरण स्वतः सोडवून बघायचे आणि मग पाठीमागचं उत्तर तपासायचे. एकदा सातवीच्या गाइडात हौदाच्या नळाचं एक उत्तर चुकलेलं निघालं, आणि त्या पानांचा फॉर्म तर छपाईच्या मशीनवर चढलेला. मालक म्हणाले, “जाऊ द्या हो, एक उत्तर.” काका मशीनसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, “उत्तर छापलेलं असलं की मूल स्वतःवर संशय घेतं. रात्रभर बसेल ते. तुम्ही येणार का त्याच्याशेजारी बसायला?” फॉर्म उतरला. मालक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. काका म्हणाले, “कामं भराभर झाली.”

संख्यांशी त्यांचं सोयरेपण होतं. कुणाचा वाढदिवस कळला की पेढ्याआधी त्या वयाचे भाजक काढायचे. मी छत्तीस पूर्ण केली तेव्हा म्हणाले, “छत्तीस म्हणजे नऊ भाजकांचं वय. बाई, यंदा तुमचे फार वाटे होणार.” घरी सासूबाईंचं पाय मोडल्याचं दुखणं, दोन मुलं, नवऱ्याची फिरती, वाटे झालेच. पुढल्या वर्षी म्हणाले, “सदतीस! मूळ संख्या. आता जपून. यंदा तुम्हाला कुणी भागू शकत नाही.” असा आशीर्वाद मला तोवर कुणी दिला नव्हता, पुढेही नाही.

गावातल्या टेलिफोन नंबरांना पुढे एक आकडा वाढवला तेव्हा तर त्यांना सुतकच. आमचा जुना नंबर म्हणे मूळ होता आणि नव्याला तीनने भाग जात होता. त्यांनी रीतसर अर्ज केला: ‘आमचा क्रमांक पूर्ववत अभाज्य करून मिळावा.’ उत्तर आलं नाही. काका म्हणाले, “समजलं नसेल. न समजलेल्या अर्जाला उत्तर न देणं, हा प्रामाणिकपणा झाला.”

पण हे सगळं तोंडी लावणं. जेवण म्हणजे सतरा एक.

जेवणाच्या सुट्टीत दहीभाताचा डबा संपला की काका टाकाऊ प्रुफाचा कागद उलटा करायचे, वर सतरा एक लिहायचे, आणि एखाद्या मोठ्या संख्येने त्यांना भागायला बसायचे. रोज दोन भागाकार. रविवारी सुट्टी. बाकी काय उरली ती शाईच्या पेनाने एका लांब वहीत उतरवायची, की झालं. अशा वह्यांची चळत त्यांच्या टेबलाखाली होती. चौदा वर्षं चालू होतं म्हणे.

मी नवीन असताना विचारलं, “कशासाठी पण, काका?”

“फुटतात का बघायला.”

मग त्यांनी सांगितलं. शाळेत मास्तरांना डुलकी काढायची होती, म्हणून त्यांनी फळ्यावर नुसते एक एक लिहून ठेवले: अकरा, एकशे अकरा, एक हजार एकशे अकरा, असे वाढत वाढत. म्हणाले, फोडा यांना. बाकीची मुलं घंटा झाल्यावर घरी गेली. काका गेलेच नाहीत, असं म्हणायचं. सात एक त्यांनी आठवडाभरात फोडले: दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. अकरा एकांना अख्खी मे महिन्याची सुट्टी लागली. “तेरा एक मात्र भेकड निघाले. पहिल्याच भाजकाला, त्रेपन्नला, शरण.” राहिले सतरा. त्यांना कुठल्याही संख्येने भागून चालत नाही. चौतीसने भागल्यावर एक उरेल अशाच मूळ संख्या घ्यायच्या. का, ते काकांनी मला कागदावर समजावलं होतं. मला ते समजलंही होतं, चहा येईपर्यंत.

तर कोर्स करून आलेली ही बया काय करते? आपल्या माणसाचे कष्ट वाचवते! मी ती संख्या कॉम्प्युटरच्या चौकटीत टाईप केली. त्याने आधी काहीतरी इंग्रजी अक्षर घालून आखूड करून दाखवली. मी चौकट रुंद केली, दोनने भागून पाहिलं, तर सुरेख पूर्ण उत्तर: पाच पाच पाच पाच, शेवटी एक शून्य. त्या शून्याकडे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. प्रिंट काढला, दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांब कागद पताकेसारखा धरून बाहेर आले आणि म्हणाले, “काका, चौदा वर्षं उगीच घालवलीत. याला दोननेच भाग जातो!”

काकांनी कागद घेतला. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहिला. मशीनला म्हणे पंधराच आकडे लक्षात ठेवता येतात. पुढचे दोन एक सोडून त्याने तिथे शून्यं घातली होती. हे मला महिनाभराने कळलं. काकांना तेव्हाच दिसलं. त्यांनी कानावरचं लाल पेन काढलं, वरच्या संख्येतल्या दोन्ही शून्यांवर काट मारली, समासात दोन एक लिहिले, शेजारी नेहमीचा शेरा मारला, ‘मूळ प्रतीप्रमाणे’, आणि कागद मला परत दिला.

“दुसरं प्रूफ काढा, बाई. यंत्राला शेवटचे दोन एक परवडलेले दिसत नाहीत.”

मालकसुद्धा हसले. मी काचेच्या खोलीत जाऊन एसी वाढवला.

या गोष्टीचा राग मी दोन वर्षं मनात धरला, हे कबूल करते. मधल्या काळात काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दुपारी चार वाजता थेंब घालायचे. स्वतः फारसं बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, हळूहळू कडेचं दिसणं बंद होईल. म्हटलं, होऊ द्या. पुण्यात कडेला बघण्यासारखं राहिलंय काय?”

मग माझ्या धाकट्या नणंदेला हडपसरच्या पुढे एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. एका रविवारी ती घरी आली असताना मी तिला सतरा एकांची गोष्ट सांगितली. माझी फजिती गाळून, अर्थात. ती म्हणाली, “वहिनी, त्यात काय! अख्खी संख्या लक्षात ठेवायचीच कशाला? एकेक एक खाली उतरवायचा, बाकी ठेवायची, पुढचा उतरवायचा. तुझे काका करतात तस्संच.” सोमवारी संध्याकाळी तिचा फोन. “लिहून घे. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. चहा ओतून होईपर्यंत आलं उत्तर.”

मी ती संख्या बसच्या तिकिटामागे लिहिली. रात्री स्वयंपाकघरात कागदावर सतरा एकांना त्या संख्येने भागून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर! बाकी शून्य.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले ते सूड घ्यायला. चारची वेळ. काका मान मागे टाकून बसलेले. तिकीट माझ्या मुठीत.

“कोण, बाई का? जरा बाटली धरा. हल्ली थेंब गालावर पडतात.”

मी बाटली धरली. डोळे मिटूनच ते म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, वाचण्यासारखं अजून वर्षभर दिसेल. म्हणजे सहाशे भागाकार. सहाशेत झालं तर झालं.”

“आणि नाही झालं तर?”

“फुटत नाहीत असं समजून मरेन. पण ते समजून झालं. कळून नाही.”

“याचं उत्तर कुठेतरी असेलच की, काका. पुस्तकात वगैरे.”

“आहे ना. आपलं बीजगणिताचं गाइड लिहिणारे ते प्रोफेसर आणून देणार होते. मी म्हटलं, आणलंत तर तुमच्या प्रस्तावनेतल्या चुका तशाच सोडीन.” डोळा पुसत ते हसले. “बाई, मुलगी बघायला आपण निघायचं आणि वाटेत कुणीतरी लग्नाचा फोटो दाखवायचा, असं असतं ते.”

मी तिकीट पर्समध्ये टाकलं. लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटच्या मागे.

ते डबा धुवायला गेले की मी त्यांची वही बघायला लागले. काका तेव्हा वीस लाख त्रेसष्ट हजारांच्या आसपास होते. पुढचे भाजक त्यांनी दुसऱ्या एका वहीत ओळीने लिहून ठेवलेले. मी बोट ठेवून मोजले. माझ्या तिकिटावरचा बरोब्बर अडतिसावा होता! सोळा वर्षं चालत आलेला माणूस, आणि घर एकोणीस दिवसांवर.

ते एकोणीस दिवस मी कसे काढले, मला ठाऊक. काकांना शिंक आली की मला धडकी. पाऊस आला की माझी छत्री त्यांच्या हातात कोंबायची. एकदा म्हणाले, “उद्या भाचीचं केळवण आहे, येणार नाही बहुतेक.” मी म्हटलं, “केळवणाला काय जाता हो, लग्नाला जा!” ते गेले नाहीत.

अखेर तो शनिवार आला. दुसरा भागाकार त्याच संख्येचा. मी काचेआडून बघत होते. काका सावकाश एकेक आकडा उतरवत होते. पेन थांबलं. त्यांनी वही ओढली, बाकी लिहिली, पेनाला टोपण घातलं, आणि शाई वाळायला वही उघडी ठेवून डबा धुवायला निघून गेले. चेहऱ्यावर काहीही नाही.

मी धावत गेले. वहीत लिहिलेलं: बाकी चौदा लाख पन्नास हजार दोनशे सहा.

शक्यच नाही! मी कच्चा कागद उचलला. भागाकार मोत्यासारखा. चूक कुठेच नाही. मग वर लिहिलेले एक मोजले. सोळा. पुन्हा मोजले. सोळाच. कागदाच्या उजव्या कडेला, जिथे त्यांचं दिसणं संपत होतं, तिथला शेवटचा एक लिहायचाच राहिला होता. त्या बाकीपुढे आणखी एक ‘एक’ उतरवला असता तर भाजकाच्या बरोब्बर सात पट झाली असती.

आता सोमवारी ते पुढच्या भाजकाकडे जाणार. मग त्याच्या पुढच्या. दुसरा भाजक अब्जांच्या घरातला. तिथवर सात जन्मांत कुणी पोचत नाही. सांगावं, तर लग्नाचा फोटो दाखवल्यासारखं. न सांगावं, तर हा माणूस दार ओलांडून पुढे गेला आणि डोळे जाईपर्यंत चालतच राहणार. नळ बंद झाल्याचा आवाज आला.

टेबलावर दोन चहा आलेले होते. काकांचा आणि माझा. मी माझा कप उचलला आणि वहीच्या उघड्या पानावर सरळ ओतला. शाई निळ्या ओढ्यासारखी वाहिली. मग लक्षात आलं, पुरावा हवा. काकांचा कप उचलून गटागटा प्यायले. बिनसाखरेचा, कडूजहर. रिकामा कप आडवा केला आणि ओरडले, “काका, अहो तुमचा कप लवंडला हो!”

ते आले. ओलं पान कोपऱ्यात धरून उभं केलं. त्या पानावर नऊ बाक्या होत्या. एकही वाचता येत नव्हती.

“आठवत असतील की तुम्हाला, काका,” मी उगीच म्हटलं.

“आठवणीतून किंवा कच्च्यावरून मागाहून बाकी लिहायची नसते. पुसली म्हणजे भागाकार झाला नाही.” मग बोटांवर मोजून, “नऊ. साडेचार दिवस गेले.”

सोमवारी मी तासभर आधी ऑफिसात पोचले. सतरा एक छत्तीस पॉइंटात टाईप केले, दोन एकांत मोकळी जागा सोडली, आणि आडव्या कागदावर प्रती काढल्या. काका आल्यावर त्यांच्या टेबलावर गठ्ठा ठेवला. त्यांच्या वहीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती; काका ती कागदाच्या कपट्याने बाजूला करत होते.

“हे काय?”

“भाज्य. मांडून आणलाय. लिहायचा वेळ वाचेल.”

त्यांनी पेनाच्या टोकाने एकेक मोजला. “सतरा. या वेळी शेवटचे दोन्ही आलेत.”

“संख्या म्हणून नाही टाईप केले, काका. नुसती अक्षरं म्हणून केले.”

“म्हणजे ती संख्या आहे हे यंत्राला सांगितलंच नाहीत. बरं केलंत, घाबरलं असतं.” कागद डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी पाहिला. “मांडणं हे जुळाऱ्याचं काम. भागणं माझं. चालेल.”

सोमवार दोन, मंगळवार दोन, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी नववा. मी काचेच्या खोलीत बसून तोच तो परिच्छेद पाच वेळा टाईप केला. काकांनी शेवटचा एक उतरवला. सात लिहिले. खाली गुणाकार लिहिला. वरची संख्या आणि खालची संख्या, अगदी सारख्या. वजाबाकी त्यांनी केलीच नाही. पेन हातात तसंच. मग नवा कागद घेऊन ते उलटा गुणाकार करायला लागले: वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस गुणिले पाच अब्ज छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. अर्धा तास लागला. एकेक ‘एक’ खाली उतरत गेला. सतरा झाल्यावर त्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, मग टेबलाखाली वाकून शनिवारचा रद्दीत गेलेला कच्चा कागद शोधून काढला आणि बराच वेळ बघत बसले. चार वाजले. थेंबांची त्यांना आठवण राहिली नाही, मलाही नाही.

साडेचारला काचेच्या दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. काका पहिल्यांदाच आत आले. अनवाणी, गालिच्यावर जरा अवघडून उभे राहिले. कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले:

“बाई, तुमच्या यंत्राला मी हसलो होतो, ते शब्द परत घेतो. त्याने दोन एक गाळले होते आणि मी एक, म्हणजे मी फार काही वर नाही. आणि माझ्या चहात साखर नसते. पुन्हा कधी सांडायचा झाला तर माझाच सांडा, वहीला मुंग्या लागतात.”